रकाना: रवांडातले आठ दिवस

दिवस पहिला, शुक्रवार २८ जून २०१९, किगाली

विमानतळावर सामान उघडायला लावलं ते प्लास्टिकच्या पिशव्यांसाठी. २००८ पासून या देशात त्यांना बंदी आहे. माझ्या बुटांभोवती गुंडाळलेली पिशवी तिथल्या कर्मचारी बाईंनी काढून घेतली आणि बूट पुन्हा नीट बॅगेत ठेवून दिले. बाहेर रस्ते स्वच्छ, दिवे चालू, मोटरसायकल टॅक्सीवाले स्वतः हेल्मेट पुढे करतात. पहिल्या दिवशी किगाली सगळ्यांनाच आवडते. मलाही आवडली.

मी राज्यशास्त्राची संशोधक आहे. परदेशी मदतीवर चालणाऱ्या देशांत माणसांच्या हक्कांचं काय होतं, या एका प्रश्नाभोवती कित्येक वर्षं फिरते आहे, आणि रवांडाला टाळून तो प्रश्न पुढे सरकत नाही. १९८०च्या दशकात मदत देणारे देश रवांडाचं नाव कौतुकाने घेत. रस्ते होते, लसीकरण होत होतं, सहकारी संस्था होत्या, सरकारी यंत्रणा टेकडी-टेकडीपर्यंत पोचलेली होती. मग ७ एप्रिल १९९४ पासून साधारण शंभर दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने ८ लाख, आणि रवांडा सरकारच्या मोजणीने १० लाखांहून जास्त माणसं मारली गेली. त्यातले बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजातले, आणि त्यांच्यासोबत या कत्तलीला विरोध करणारे बहुसंख्य हुतू समाजातले लोक. टेकडी-टेकडीपर्यंत पोचलेली तीच यंत्रणा मारण्याच्या कामाला लावली गेली. ज्या तज्ज्ञांनी आधीची वीस वर्षं या देशाचे अहवाल लिहिले, त्यांना काय दिसलं नाही, हे मला समजून घ्यायचं आहे.

संध्याकाळी दुभाषी भेटली. वय चोवीस, म्हणजे जन्म त्या वर्षाच्या नंतरचा. माझी प्रश्नावली तिने शांतपणे वाचली आणि सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं.

“हा रकाना मोठ्याने वाचू नका.”

त्या रकान्यात मी चार पर्याय दिले होते: वंशसंहारातून वाचलेले, परतलेले निर्वासित, कैद्याचं कुटुंब, इतर. हुतू की तुत्सी हे इथे अधिकृतपणे कोणी विचारत नाही. २००१ आणि २००८च्या कायद्यांनी फूट पाडणं आणि ‘वंशसंहाराची विचारसरणी’ हे गुन्हे ठरवले आहेत. म्हणून मी आडून विचारलं होतं.

“हे चार शब्द ऐकले की तुम्हाला काय विचारायचंय ते कोणालाही कळेल,” ती म्हणाली.

“मग मी विचारू कसं?”

“विचारू नका. सांगायचं असेल तर त्या सांगतील.”

दिवस दुसरा, शनिवार २९ जून, किगाली

महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे उमुगांडा. सकाळी आठ ते अकरा सगळं बंद. अठरा ते पासष्ट वयाच्या प्रत्येकाने सार्वजनिक कामाला यायचं. आम्ही राहत होतो त्या गल्लीतले लोक गटारातला गाळ काढत होते. मीही फावडं घेतलं. काम झाल्यावर सगळे झाडाखाली बसले, वस्तीच्या प्रमुखाने आरोग्य विम्याचे हप्ते कोणाचे राहिलेत ते वाचून दाखवलं. ज्यांचं नाव आलं त्यांनी मान खाली घातली. तो विमा खरोखर मोठी गोष्ट आहे. गरिबातल्या गरीब माणसाला दवाखान्याची पायरी चढता येते ती त्यामुळेच, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून आजवर इथलं सरासरी आयुर्मान दुपटीहून वाढलं आहे त्यात त्याचाही वाटा आहे. हप्ता न भरणाऱ्याचं नाव चारचौघांत वाचलं जातं, हेही त्याच योजनेचा भाग आहे. या दोन गोष्टी दोन वेगळ्या अहवालांत जातात, आणि ते वाचणारी माणसंही वेगळी असतात.

उमुगांडा नवा नाही. हब्यारिमाना राष्ट्राध्यक्ष असताना, १९७०च्या दशकापासून तो सक्तीचा होता, आणि तेव्हाच्या अहवालांत ‘लोकसहभाग’ म्हणून त्याची वाखाणणी होत असे. १९९४ मध्ये मारायला निघालेल्यांना पुढारी सांगत ते ‘काम करायला चला’ असंच. फावड्याचा दांडा हातात असताना हे आठवलं आणि नंतर बराच वेळ मी कोणाशी बोलू शकले नाही.

उमुगांडाच्या दिवशी गिसोझीचं वंशसंहार स्मारक दुपारी उघडतं. अडीच लाखांहून जास्त माणसं तिथे पुरलेली आहेत. मुलांच्या दालनात फोटोंखाली आवडता खेळ, आवडतं खाणं, जिवलग मैत्रीण आणि शेवटी मृत्यू कसा आला, एवढंच लिहिलेलं. तिथे मी थांबले नाही, थांबता आलं नाही. ज्यासाठी गेले होते ते एका काचेआड होतं: जुनं ओळखपत्र. फोटोजवळ ‘उब्वोको’, म्हणजे वंश, हा शब्द आणि पुढे छापलेले पर्याय: हुतू, तुत्सी, ट्वा, नागरिकत्व मिळालेला परका. लागू नसलेले शब्द रेघ मारून खोडलेले. बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात ही नोंद सुरू केली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ती तशीच ठेवली. १९९०च्या शेवटी ती काढून टाकण्याची घोषणाही झाली, पण कार्डं बदलली नाहीत. साडेतीन वर्षांनी शहरातल्या रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभे राहिले, तिथे हेच कार्ड पाहून माणूस पुढे जाणार की नाही ते ठरत होतं. खेड्यात कार्डाची गरज नव्हती, शेजारी शेजाऱ्याला ओळखत होते.

कार्डावरचा तो रकाना प्रत्येक विकास अधिकाऱ्याने पाहिला असणार. लाभार्थ्यांच्या याद्या करताना ओळखपत्र लागतंच.

दिवस तिसरा, रविवार ३० जून, न्यामाता आणि न्तारामा

किगालीच्या दक्षिणेला न्याबारोंगो नदी ओलांडली की बुगेसेरा लागतं. १९५९ नंतर उत्तरेतून हुसकावलेल्या तुत्सी कुटुंबांना आणून टाकलं ते इथे, त्सेत्से माश्यांच्या दलदलीच्या मुलखात.

न्यामाताच्या चर्चमध्ये सुमारे १०,००० माणसं मारली गेली. बाकांवर त्यांचे कपडे रचून ठेवले आहेत, पत्र्याला भोकं आहेत, ऊन त्यातून ठिपक्याठिपक्यांनी कपड्यांवर पडतं. रविवार असल्याने जवळच्या नव्या चर्चमधलं गाणं ऐकू येत होतं. वाटाड्या गृहस्थ गाणं संपेपर्यंत थांबले आणि मग बोलू लागले.

मी इथे आले होते ती बाहेरच्या एका कबरीसाठी. अंतोनिया लोकातेल्ली या इटालियन बाई वर्षानुवर्षं या भागात राहत होत्या. मार्च १९९२ मध्ये इथे तुत्सींच्या हत्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी परदेशी रेडिओला फोन करून सांगितलं, हा आपोआप उसळलेला संताप नाही, हे घडवलं जात आहे. १० मार्च १९९२ रोजी त्यांना गोळी घातली. म्हणजे दोन वर्षं आधी सगळं सांगून झालं होतं, नाव-गावासकट, आणि सांगणारी बाई त्यासाठी मेली होती. ‘कोणाला कल्पना नव्हती’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या निबंधांत अनेकदा वाचते. यापुढे ते वाचलं की या कबरीबद्दल सांगायचं ठरवलं आहे.

न्तारामाच्या चर्च-स्मारकाला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिथे मी काही टिपून घेतलं नाही.

दिवस चौथा, सोमवार १ जुलै, हुयेच्या वाटेवर

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. बसमध्ये पुढे रेडिओ लावला होता. रस्ता वळणावळणाने दरीत उतरला की आवाज खरखरायचा, माथ्यावर आलो की स्वच्छ. १९९४ च्या द्वेषाच्या रेडिओवर झालेला एक अभ्यास याच गोष्टीवर उभा आहे. आरटीएलएम केंद्राच्या लहरी काही गावांत पोचत होत्या, तर काही गावं डोंगराआड राहत होती. दोन्हीकडच्या खटल्यांची संख्या ताडून पाहिली तेव्हा निष्कर्ष निघाला की एकूण हिंसेतला साधारण १० टक्के वाटा त्या प्रसारणाचा होता. हा आकडा ऐकून काहींना वाटतं, एवढाच? त्यावर माझं उत्तर असं की उरलेल्या ९० टक्क्यांत स्थानिक अधिकारी, सैनिक, शेजाऱ्यांचा दबाव, जमिनीची हाव आणि भीती आहे, आणि ते शोधायला रेडिओचा नकाशा पुरत नाही, गावात जावं लागतं.

खिडकीतून दिसते ती सगळी टेकडी शेतीची, माथ्यापर्यंत. जमीन इतकी कमी की बांधही अरुंद. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोसळला, कॉफीचे भाव निम्म्यावर आले आणि या टेकड्यांवरची रोख मिळकत आटली. पुढच्याच वर्षी रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट या तुत्सी निर्वासितांच्या बंडखोर गटाशी युद्ध सुरू झालं आणि फ्रँकचं अवमूल्यनही झालं. गरिबीने वंशसंहार होत नाही, नाहीतर जगात तो रोज झाला असता. पण पुढाऱ्यांना ज्यांचा उपयोग झाला ती बिनजमिनीची तरुण मुलं या काळात तयार झाली, एवढं नक्की.

दिवस पाचवा, मंगळवार २ जुलै, मुरांबी

हा दिवस लिहायचं मी आठवडाभर पुढे ढकललं.

हुये म्हणजे तेव्हाचं बुतारे. या प्रांताचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हब्यालिमाना हे त्या वेळचे देशातले एकमेव तुत्सी प्रांतप्रमुख. त्यांनी सुरुवातीचे जवळजवळ दोन आठवडे आपल्या प्रांतात मोठी हिंसा होऊ दिली नाही. मग त्यांना पदावरून काढलं. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो स्वतः बुतारेत आले, भाषण केलं, आणि त्यानंतर कत्तल सुरू झाली. हब्यालिमाना यांनाही पुढे मारलं. शतकानुशतकांच्या वैराची गोष्ट जे सांगतात त्यांनी हे दोन आठवडे समजावून सांगावेत. एक अधिकारी जागेवर होता तोवर लोक थांबले होते.

शेजारच्या गिकोंगोरोत असा कोणी नव्हता. मुरांबीच्या टेकडीवर तंत्रशाळेचं बांधकाम अर्धवट होतं. अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, तिथे जा, तिथे सुरक्षित राहाल. हजारोंनी लोक गेले. मग पाणी तोडलं. २१ एप्रिलच्या पहाटे, अंधारातच हल्ला झाला. स्मारकावर मृतांचा आकडा ५०,००० लिहिलेला आहे. वर्गखोल्यांत चुन्यात जपलेले देह आहेत. त्यांचं वर्णन मी करणार नाही.

वर्गांच्या रांगेच्या टोकाला उभी असताना ती तारीख डोक्यात फिरत राहिली, कारण ती मी दुसऱ्या एका कागदावरून ओळखत होते. त्याच दिवशी, २१ एप्रिल १९९४ ला, न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ९१२ संमत केला. रवांडातल्या शांतिसेनेची संख्या २७० पर्यंत कमी करायची, असा तो ठराव. त्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल दालेर यांनी ११ जानेवारीलाच शस्त्रसाठ्यांबद्दल आणि मारण्याच्या याद्यांबद्दल तार पाठवलेली होती. मी हा ठराव वर्गात कितीतरी वेळा शिकवला आहे, मतदान, सदस्य, भाषा, सगळं. मुरांबीची तारीख त्याच्या शेजारी कधी लिहिली नव्हती. माझ्या टिपणांत एक कागद ‘आंतरराष्ट्रीय संस्था’ या फायलीत होता आणि दुसरा ‘मानवी हक्क’ या फायलीत.

परतताना दुभाषीने गाडी थांबवून मला पाणी दिलं. तिने काही विचारलं नाही.

दिवस सहावा, बुधवार ३ जुलै, हुये जिल्ह्यातली एक टेकडी

गावाचं नाव लिहीत नाही. संशोधनाचा परवाना, जिल्ह्याचं पत्र, गावप्रमुखाची सही, हे सगळं दाखवून झाल्यावर आम्ही चालत निघालो.

मला गचाचाबद्दल ऐकायचं होतं. गचाचा म्हणजे गवत, गवतावर बसून केलेला निवाडा. वंशसंहारानंतर तुरुंगांत लाखाहून जास्त माणसं कोंबलेली होती आणि बहुतेक न्यायाधीश मारले गेले होते किंवा पळाले होते. टांझानियात आरुशा इथे रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने मोठं काम केलं. २ सप्टेंबर १९९८ चा अकायेसू खटल्याचा निकाल हा वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठोठावलेला पहिलाच दोष, आणि बलात्कार हेही वंशसंहाराचं साधन असू शकतं, हे त्यातच पहिल्यांदा मान्य झालं. पण २०१५ अखेर बंद होईपर्यंत तिथे आरोप ठेवले गेले ते ९३ जणांवर. गावागावातल्या गचाचा न्यायालयांनी, ती सुमारे १२,००० होती, जून २०१२ पर्यंत जवळपास १९ लाख खटले निकाली काढले. पंच गावातूनच निवडलेले. त्यांना म्हणतात इन्यांगामुगायो, लबाडीची चीड असलेली माणसं.

अशाच एका माजी पंच बाईंच्या अंगणात आम्ही बसलो. साठीच्या पुढच्या. घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या, आम्हीही सोलू लागलो. संमतीपत्र मी काढलं तेव्हा त्यांचे हात थांबले. दुभाषीने माझ्याकडे पाहिलं, मी कागद परत पिशवीत टाकला आणि तोंडी संमती विचारली. तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “विचार.”

आठवड्यातून एक दिवस सगळं गाव जमायचं. वकील नाहीत. आरोपी उभा राहायचा, कोणी म्हणायचं हो, कोणी म्हणायचं नाही. कबुली दिली तर शिक्षा कमी व्हायची.

“लोक खरं बोलायचे?” मी विचारलं.

“जेवढं खरं बोलून शेजारी राहता येईल तेवढं,” त्या म्हणाल्या.

पुढे बराच वेळ त्या पुरलेल्या माणसांबद्दल बोलल्या. कबुलीमुळे कोणाचे देह कुठे टाकले ते कळलं, हाडं धुऊन नीट पुरता आली. त्यांच्या लेखी गचाचाने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती. खोट्या आरोपांबद्दलही बोलल्या. जमिनीच्या भांडणातून कोणाकोणाची नावं घेतली गेली, तेही. मग मी जपून विचारलं की त्या वर्षी सैन्याने, म्हणजे जिंकून आलेल्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी, ज्यांना मारलं त्यांच्या घरच्यांनी कोणाकडे जायचं होतं? त्या हत्या गचाचाच्या कक्षेत नव्हत्या. बाईंनी शेंगांची टोपली उचलली, आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि मला विचारलं, “तुला मुलं किती?”

ली ॲन फुजी या राज्यशास्त्रज्ञाने रवांडातल्या खेड्यांत काम करताना सांगून ठेवलं होतं की अफवा, रचलेल्या गोष्टी, नकार, टाळाटाळ आणि मौन ही बिघडलेली माहिती नव्हे, तीच माहिती आहे. मी हे वाचलं होतं, उद्धृतही केलं होतं. टोपली घेऊन आत गेलेल्या बाईंची वाट पाहत बसले तेव्हा ते समजलं. सातवा प्रश्न मी विचारला नाही. बाई कोण आहेत, वाचलेल्या, परतलेल्या की कैद्याची बायको, हे मला आजही माहीत नाही. त्यांचं बोलणं त्यामुळे कमी कळलं असं मात्र झालं नाही.

दिवस सातवा, गुरुवार ४ जुलै, रुबावूकडे

मुक्तिदिन, पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठा. दिवसभर बस. शेजारी एक शेतकी पदवीधर तरुण होता, त्याच्याशी आकड्यांवर बोलणं झालं. सरकारी पाहणीनुसार २०१३-१४ पर्यंत गरिबी ४४.९ वरून ३९.१ टक्क्यांवर आली. काही अभ्यासकांनी तेच आकडे मांडून दाखवलं की दारिद्र्यरेषा ठरवण्याची पद्धत बदलली नसती तर ती वाढलेली दिसली असती. कोण बरोबर, यावर मी पाच पानं लिहू शकते. पण आकड्यावर वाद घालायला जिथे माणूस आजूबाजूला पाहून घेतो, तिथे तो आकडा कितीही बरोबर असला तरी त्याच्यावर भार टाकवत नाही. विकासाची मोजणी खरी राहायची तर ‘हे चूक आहे’ म्हणणारा कोणीतरी घरी सुखरूप झोपायला हवा. तरुणाने विषय फुटबॉलकडे नेला आणि मीही नेऊ दिला.

दिवस आठवा, शुक्रवार ५ जुलै, रुबावू

किवू सरोवर सकाळी पूर्ण स्तब्ध. पलीकडे काँगोतलं गोमा शहर आणि त्यामागे न्यिरागोंगो ज्वालामुखी. जुलै १९९४ मध्ये हीच सीमा ओलांडून काही दिवसांत सुमारे १० लाख माणसं गोमात गेली. कॉलऱ्याने हजारो मेली. जगभरातून मदत धावून आली, आणि ती छावण्यांत पोचली तेव्हा वाटपाच्या याद्या ज्यांच्या हातात होत्या त्यांत कत्तल घडवणारे पुढारीही होते. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सची फ्रेंच शाखा वर्षअखेर छावण्या सोडून गेली. इतर राहिले, कारण आजारी मूल कोणाचं आहे ते विचारायचं नसतं. मी दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचून वाढले आहे आणि सोडून जाणारे चूक होते असं मला म्हणवत नाही, राहिलेले चूक होते असंही नाही.

छोट्या सीमाद्वारावर सकाळी सहापासून बायकांची रीघ. बहुतेक छोट्या व्यापारी, डोक्यावर टोपल्या, पाठीला पोरं. काँगोत इबोलाची साथ चालू होती, म्हणून प्रत्येकीने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायचे आणि ताप मोजून घ्यायचा. रांगेत एकीशी बोलले. टोमॅटो आणि कोबी घेऊन रोज गोमाला जायची, येताना कापड आणायची. नवरा पलीकडचा, आई अलीकडची. १९९४ मध्ये ती आईच्या पाठीवर बसून हीच सीमा ओलांडून गेली होती आणि दोन वर्षांनी चालत परत आली. माझ्या चार पर्यायांतल्या कुठल्याच खान्यात ती बसली नसती. हे तिला सांगितलं नाही. तिला घाई होती, द्वार दुपारी बंद व्हायचं.

आता ही वही पुन्हा उघडली आहे. जानेवारी २०२५ च्या अखेरीस एम-२३ या सशस्त्र गटाने गोमा घेतलं. त्या गटासोबत रवांडाचे हजारो सैनिक असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी आधीच लिहिलेलं होतं, रवांडा ते नाकारतं. काही देशांनी मदत थांबवली, तशी २०१२ मध्येही थांबवली होती. बातम्यांत ते सीमाद्वार दिसलं तेव्हा मी वही काढून ते पान शोधलं. टोमॅटो, कोबी, निळं कापड, नवरा पलीकडे, आई अलीकडे, असं लिहिलेलं आहे. नाव लिहिलेलं नाही, फोन नंबर नाही. तिच्या सुरक्षेसाठी तसंच करायचं असतं आणि मी ते नीट केलं होतं. त्यामुळे ती कशी आहे हे विचारायला आज माझ्याकडे काहीच नाही.